मीठ लावलेली मुळाक्षरं

माझ्या पहिल्याच नोकरीत माझ्या वर्गाने मुळाक्षरं खाऊन टाकली.

तेव्हा मी पोलादपूरच्या शाळेत पहिलीचा हंगामी मास्तर होतो. नवी नोकरी, नवी बायको, नवं बिऱ्हाड (तिन्हींपैकी बिऱ्हाड तेवढं गळत होतं). श्रावणात डेप्युटी साहेब तपासणीला यायचे होते. शेरा चांगला पडला तर मी कायम, वाईट पडला तर माझी रवानगी घाटातल्या एखाद्या वाडीवर! सौभाग्यवतींनी आपला निकाल आधीच सांगून टाकला होता.

"वाडीवर तुम्ही एकटे जा हो. मी महाडला आईकडे राहीन. सणासुदीला भेटत जाऊ!"

त्यामुळे मी जिवावर उदार होऊन शिकवत होतो. अडचण एकच. मुलं पाटीवरच्या पेन्सिली चावून खात. (भिंतीचे पोपडेही खात, पण ते शाळेच्या साहित्यात धरत नसत.) मग मी नवी पद्धत काढली. सारवलेल्या जमिनीवर मुलांनी चिंचोके मांडून अक्षर तयार करायचं. हाताला वळण लागतं, डोळ्यांत आकार बसतो आणि खाण्याचा प्रश्नच मिटतो, कारण कच्चा चिंचोका फोडायला घोड्याचे दात लागतात! एकेकाला एकेक अक्षर वाटून दिलं. गंगीला ग, सख्याला स. वर्ग असा तयार झाला की मी आरशात बघून कायम झालेल्या मास्तरासारखा हसू लागलो.

तपासणीच्या आदल्या दिवशी चिंचोक्यांची टोपली घरी आणली. बायकोने आत हात घातला आणि किंचाळलीच.

"अहो, कीड लागलीय ह्यांना! भुंगे निघतायत!"

"मग कर काहीतरी. उद्या साहेबांपुढे अक्षरं चालायला लागली तर मी संपलो!"

तिने केलं. सकाळी चिंचोके कोरडे, खडखडीत, काळेभोर. "भाजले," ती म्हणाली. सवयीने वरून मिठाचं पाणीही मारलं होतं, ते तिला सांगावंसं वाटलं नाही.

वर्गात मुलांनी झोकात अक्षरं मांडली. साहेबांच्या सर्व्हिस मोटारीचा मात्र पत्ता नाही. वाड्यांवरून उजाडताच चालत आलेली पोरं, आणि समोर भाजक्या चिंचोक्यांचा तो खमंग वास! एवढ्यात मागच्या रांगेत आवाज झाला, कुडुम!

"कोण रे तो?"

"मी नाय मास्तर, सख्यान् खाल्लान!" गंगी म्हणाली.

"खोटं बोलतंय गो ही! मास्तर, हिच्या गालात काय हाय बघा!"

मी मागच्या रांगेला दटावायला गेलो, तोवर पुढची रांग साफ. पुढे धावलो, तर मधली! "ठेवा! आधी खाली ठेवा!" मी ओरडलो. एका प्रामाणिक पोराने तोंडातून काढून पुढे केला. "घ्या मास्तर, अर्धा हाय अजून." शेवटी गंगीच्या मुठीत चार दाणे उरले, ते मी हिसकावले. तेवढ्यात दारात साहेब! माझ्या कोटाचा खिसा फाटका. दाणे लपवायचे कुठे? मी ते तोंडात टाकले.

साहेबांनी मोकळ्या जमिनीकडे पाहिलं. "मास्तर, अक्षरं कुठायत?"

मी गाल आवळून उभा. उत्तर गंगीने दिलं. "साहेब, खाल्ली."

"कोणी?"

"समद्यांनी. लय चवीची हायत!"

मला घाटातली वाडी दिसू लागली. बायको महाडच्या मोटारीत बसलेलीही दिसली. साहेब खुर्चीवर टेकले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "ठीक आहे. ज्याने जे अक्षर खाल्लं असेल, ते त्याने पाटीवर काढून दाखवावं."

आणि पोरांनी काढलं की हो! एकजात सगळ्यांनी! सख्याने तर स काढून शेजाऱ्याचंही खाल्लं होतं म्हणून तेही काढलं. मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले (थोडं मीठही असेल). मी निश्चिंत झालो, आणि तिथेच चुकलो. साहेब माझ्याकडे वळले.

"मास्तर, तुमचाही गाल फुगलेला दिसतोय. तुम्ही कोणतं खाल्लंत? या, फळ्यावर काढा."

मी खडू घेतला. फळ्यापुढे उभा राहिलो. आणि मला काही म्हणजे काही आठवेना! खडू हातात मोडला. तेव्हा मागून गंगीची कुजबुज आली.

"मास्तर, ग काढा! माजा ग हाय तुमच्या तोंडात!"

मी ग काढला. साहेबांनी मान डोलावली, मी कायम झालो, बायको माहेरी गेली नाही. पुढे जन्मभर मी पोरांना कॉपी करू नका म्हणून छड्या मारल्या. स्वतः मात्र पहिली पास झालो, ती सहा वर्षांच्या पोरीने सांगितलेलं उत्तर लिहून!