वाकळ दाखवा हो, वाकळ!

परभणीच्या स्टँडवरून सेलूची गाडी हलली आणि शेजारी बसलेली माझी भाची ऋचा फोनवर म्हणाली, "हो सर, फोटो आज नक्की मिळतील." मला काही ते नक्की वाटत नव्हतं.

पोरीला पीएच.डी. करायचीय, तीही कला, डिझाइन आणि कॉम्प्युटर मिळून. कलावाल्यांकडे गेली की ते म्हणतात, कॉम्प्युटरवाल्यांकडे जा. ते म्हणतात, अहो हे तर शिवणकाम! नुसते जिने चढून उतरून पोरगी बेजार. आता एका विद्यापीठात दोन्ही मिळून एकच जागा निघालीय, परवा मुलाखत. वाकळीच्या (जुन्या लुगड्यांची हातानं शिवलेली गोधडी) टाक्यांवरून ही कॉम्प्युटरवर नवे नमुने करणार. पण फोटो नसतील तर मुलाखतीला जाऊच नकोस, असं तिच्या जुन्या कॉलेजच्या सरांनी बजावलेलं.

सेलूहून देवगाव फाट्याला आलो. तिथून आतल्या गावाची ऑटो भरल्याशिवाय हलेना. भरली ती अशी, की माझ्या मांडीवर कुणाची तरी कोंबडी! खड्ड्यांनी कंबर मोडली ती वेगळीच.

गावात ऋचाच्या मैत्रिणीची आई, सुमनबाई, वाकळा शिवण्यात पटाईत. घरात पाऊल टाकलं आणि मी कपाळाला हात लावला. बाजेवर, दोरीवर, जमिनीवर नव्याकोऱ्या चादरी आणि वर मखमली ब्लँकेट!

"वाकळा कुठंयत, बाई?"

"पाव्हणे यायलेत म्हणून लपवल्या की! चिंध्या काय दाखवायच्या?"

"अहो, आम्ही त्याच बघायला आलोय."

"असू द्या. आधी जेवा."

भाकरी, वरण, शेंगदाण्याची चटणी, सगळं झकास. पण ऋचाला घास उतरेना. ती विनवायला लागली की सुमनबाई चहा ठेवायच्या. शेवटी त्या चिडल्या. "माझ्या घरातलं फाटकं जगाला दाखवायलाव का तुमी?" ऋचाचे डोळे भरले.

मग मात्र माझं डोकं फिरलं. मी सरळ त्या ब्लँकेटवर आडवी झाले. "बाई, कंबर लय दुखायली. हे घसरायलंय, टोचायलंय. काहीतरी मऊ द्या हो."

पाहुण्याला टोचलेलं कसं चालेल? सुमनबाई लगबगीनं आत गेल्या आणि वाकळ घेऊन आल्या. काय सांगू! तांदळाएवढा टाका, चौकोनात चौकोन, पार मधोमध पोचलेले. आणि मऊ तर इतकी की बास.

"मावशी, ऊठ ना! फोटो!"

"जरा पडू दे गं."

सुमनबाई खुदकन हसल्या. "झोपू द्या त्यांना. दुसऱ्या काढते." मग दारातून शेजारणीला हाक, "ए शांते, तुझ्या बी आण गं. ह्या बायांना चादरीवर झोप येत न्हाई म्हणं!"

अंगण वाकळांनी भरलं. ऋचा खुर्चीवर चढून फोटो काढतेय आणि बायका भांडताहेत, माझा टाका आधी घे म्हणून.

निघताना सुमनबाईंनी एक वाकळ माझ्या गळ्यात मारली. "जागा न्हाई दिली तर त्या सायबांना निजवा हिच्यावर."

परतीच्या गाडीत ते बोचकं मांडीवर घेऊन मी चरफडत बसले होते. विद्यापीठात ज्याला शिवणकाम म्हणून हाकलतात, घरात त्यालाच चिंध्या म्हणून लपवतात. मधल्यामध्ये माझ्या पोरीनं आणि माझ्या कंबरेनं किती सोसायचं? तेवढ्यात ऋचाचा फोन वाजला. सर.

ऋचा वाकळीवर डोकं टेकून गाढ झोपली होती, कितीतरी दिवसांनी.

"फोटो मिळाले," मी हळूच म्हणाले. "पण ती झोपलीय. आता उठवायची नाही." आणि फोन ठेवून दिला.