लाइट गेली की तुटणारी यादी

"सुमनताई, तुमच्याच तांड्याची यादी तुम्हीच अर्धी सोडली?" आमच्या संगणक केंद्राचे मालक देशमुखसाहेब प्रिंटआउट टेबलावर ठेवत म्हणाले.

"म्या समदी टाइप केली, साहेब. माह्याच लोकांची नावं मी काहून सोडू?"

मी बाजूला उभा होतो. हिंगोली जिल्हा तेव्हा नवाच झाला होता. आमच्या खासगी केंद्राला शिधापत्रिकांच्या याद्या टाइप करायचं काम मिळालं होतं आणि सगळी सिस्टीम मी सांभाळायचो. सुमन राठोड आमच्याकडची सगळ्यांत अचूक ऑपरेटर. आखाडा बाळापूरजवळच्या तांड्यावरून रोज एसटीने यायच्या. टेबलावरच्या यादीत चव्हाण होते, जाधव होते, पवार अर्धे होते. राठोड एकही नव्हता. त्यांचं स्वतःचं नावही नव्हतं.

"लाइट गेली की असं होऊन राहिलंय, सर," त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या. "रजिस्टर बघा. ज्या दिवशी यादी तुटली, त्या दिवशी यादी लावायच्या टायमालाच लाइट गेलेली हाय."

लाइट गेल्या-आल्याची वेळ प्रत्येक ऑपरेटरने रजिस्टरमध्ये लिहायची, असा आमच्याकडे नियम होता. म्हणजे रिकामं बसल्याचा ठपका नको. मी ते रजिस्टर उघडलंसुद्धा नाही.

"यूपीएस आहे. लाइट गेली तरी मशीन बंद पडत नाही," मी साहेबांना म्हणालो. "मशीन चुकलेलं नाही."

सुमनताईंनी टाइप केलेली मूळ फाइल पाहिली असती तर तिथेच निकाल लागला असता. पण डिस्क लहान होती, म्हणून काम संपलं की माझी स्क्रिप्ट मूळ फाइल पुसून टाकायची. दुसऱ्या दिवसापासून सुमनताईंना कामावरून कमी केलं. त्यांनी शेजाऱ्यांचीच नावं गाळली, असं तांड्यावर पसरलं.

पुढच्या महिन्यात नव्या ऑपरेटरची यादी 'ग'ला तुटली. साहेब घरी गेल्यावर मी रजिस्टर काढलं. सुमनताईंनी सांगितलं होतं तसंच बरोबर जुळत होतं.

इथे थोडं समजावून सांगतो. शेल म्हणजे आपण टाइप केलेला हुकूम वाचून संगणकाकडून तो पाळून घेणारा प्रोग्रॅम. असे बरेच हुकूम एका फाइलमध्ये लिहून ठेवले की ती स्क्रिप्ट. आमचा शेल ओपन सोर्स होता, म्हणजे त्याचा मूळ कोड कोणीही वाचावा आणि दुरुस्त करावा. माझी स्क्रिप्ट नावं आडनावांप्रमाणे लावून घ्यायची, मग शेल त्यातली एकेक ओळ वाचून छापायच्या फाइलमध्ये टाकायचा. लाइट गेली की यूपीएसचा प्रोग्रॅम स्क्रिप्टला सिग्नल द्यायचा. सिग्नल म्हणजे काम चालू असताना मारलेली हाक.

मी खोट्या नावांची मोठी यादी केली, स्क्रिप्ट सुरू केली आणि मध्येच यूपीएसचा प्लग भिंतीतून उपटला. यादी पूर्ण आली. पुन्हा उपटला. पूर्ण. सातव्या वेळी यादी 'म'ला तुटली. स्क्रिप्टने मात्र सगळं ठीक म्हणून कळवलं.

मग कोड वाचायला बसलो. रोज दुपारी दोन तास, दुसरं काही नाही. तिसऱ्या आठवड्यात जागा सापडली. ओळ वाचता वाचता हाक आली की वाचन तुटायचं. अशा वेळी शेलने पुन्हा वाचायला हवं. आमचा शेल समजायचा, यादी संपली.

मी त्या शेलच्या परदेशातल्या मुख्य प्रोग्रॅमरला मेल केला. उत्तर आलं, "माझ्याकडे असं होत नाही." कसं होणार? त्याच्याकडे लाइट जात नव्हती. मग शेलला एकामागून एक सिग्नल देत राहणारी छोटी स्क्रिप्ट लिहून पाठवली. दोन दिवसांनी त्याने मान्य केलं. माझी पहिली दुरुस्ती त्याने परत केली, कारण तिच्यामुळे चालू हुकूम थांबवायची कंट्रोल-सी बंद पडली होती. दुसरी घेतली. चार ओळींची होती. बदलांच्या नोंदीत माझं नाव आणि 'हिंगोली' छापून आलं.

साहेबांनी ते पान भिंतीवर लावलं आणि पेढे वाटले.

"कसं सापडलं हो?"

"कोड वाचून."

"मग ती राठोडबाई खरं बोलत होती का?"

मी म्हणालो, "दोन्ही कारणं असतील, साहेब. मशीनचंही, त्यांचंही."

दोन्ही कारणं नव्हती. हे मला तेव्हा पक्कं माहीत होतं. कोडमधला दोष मी दुरुस्त केला, पण सापडला तो सुमनताईंना. मला तिथे एक शब्द बोलायचा होता आणि मी बोललो नाही.

निवृत्तीनंतर मी त्या शेलच्या प्रकल्पाला मेल पाठवला. आता तिथे दुसरेच लोक आहेत. त्यांनी जुन्या नोंदीखाली ओळ वाढवली: 'दोष प्रथम सुमन राठोड यांनी दाखवून दिला.' ते पान घेऊन सुमनताईंकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून वाचलं.

"मला ठाऊकच होतं, सर. तुमी कवा बोलता, तेवढंच बघून राहिले होते." पान घडी करून त्यांनी मला परत दिलं. "पर हे इंग्रजीतलं तांड्यावर कोण वाचतंय? तिथं येऊन सांगा."

गेलो. पारावर दहा-बारा माणसं होती. सिग्नल, शेल, सगळं सांगू लागलो. एका म्हाताऱ्याने मध्येच हात वर केला.

"ते मशीनचं ऱ्हाऊ द्या. बाईची चूक व्हती का न्हाई?"

"नव्हती. चूक माझी."

"येवढंच सांगायचं व्हतं, तर इतकी वर्षं काहून लावली?"

सुमनताई पारावरून उठल्या. मग म्हणाल्या, "चहा ठेवते, सर. बसा."

या धंद्यात येणाऱ्यांना इतकंच सांगेन. यंत्रापाशी बसणारा माणूस कारण सांगत असेल तर आधी ते तपासा. कोड नंतरही वाचता येतो.