ज्याची हरकत, त्याचं काम

डोळ्यांवरचा चष्मा काढायचा, त्याची एक काडी समोरच्या माणसाकडे रोखायची आणि शांतपणे म्हणायचं, "मग ते तुमच्याकडे." काकूंचं हे एवढंच हत्यार होतं. सभेत कोणी "मला हे पटत नाही" म्हणालं की चष्मा उतरायचा आणि ते न पटलेलं काम त्या माणसाच्या गळ्यात पडायचं. परदेशातल्या मराठी मंडळात तुम्ही कधी कमिटीवर असाल तर हा प्रकार तुम्हाला नवा नाही. "गणपतीला साउंड सिस्टिम बेकार होती" असं जो म्हणाला, पुढच्या वर्षी साउंड सिस्टिम त्याच्याकडे. म्हणून तर मंडळाच्या मीटिंगमध्ये मुरलेली माणसं फक्त चहा पितात.

फरक इतकाच की काकूंनी हे हत्यार अमेरिकेतल्या कुलगुरूंवर चालवलं.

"काकू" हे माझं म्हणणं. बाकीचं जग त्यांना मॅडम प्रेसिडेंट म्हणायचं. इथे विद्यापीठाच्या प्रमुखाला प्रेसिडेंट म्हणतात, आपण कुलगुरू म्हणू. मिशिगनमधल्या एका मध्यम आकाराच्या सरकारी विद्यापीठाच्या त्या कुलगुरू होत्या. माहेर नागपूरचं. लग्न होऊन इकडे आल्या, मुलगी शाळेत जायला लागल्यावर स्वतः शिकल्या, संख्याशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या आणि चढत चढत वर पोहोचल्या. पण त्यांच्या मते त्यांची खरी कारकीर्द म्हणजे मंडळाचं सेक्रेटरीपद. "ज्यानं शंभर मराठी घरांना एका तारखेवर आणलं नं, त्याला युनिव्हर्सिटी काय जड आहे," असं त्या म्हणायच्या. हे त्या गमतीने म्हणत नसत.

मी त्यांच्या ऑफिसात होतो. मी राहतो त्या नोव्हाय गावात दर दुसऱ्या घरात मोटारीचा इंजिनिअर आहे, मी तिथला अपवाद. सभांची तयारी करणं, मसुदे टाइप करणं, इतिवृत्त पाठवणं हे माझं काम. मूळचा पुण्याचा असल्यामुळे मला प्रत्येक विषयावर मत होतं आणि चष्म्याच्या धाकाने ते पोटातच राहत होतं. शिवाय माझं ग्रीन कार्ड रांगेत होतं. रांगेतला माणूस तसाही फार बोलत नाही.

आता मूळ विषय सांगतो. कॉलेजकडून खेळणाऱ्या मुलांनी कसलीही जाहिरात करायची नाही, असा इथे वर्षानुवर्षांचा दंडक होता. स्टेडियम त्यांच्या जिवावर भरायचं, टी-शर्ट त्यांच्या नंबरचे विकायचे, पण पोराने गावातल्या दुकानासाठी एक फोटो काढून दिला तर त्याचं खेळणं बंद. अखेर तो दंडक मोडला आणि मुलांना आपल्या नावावर, आपल्या चेहऱ्यावर कमावण्याचा हक्क मिळाला. हक्क आला, पण नियमांचा पत्ता नव्हता. एक विद्यापीठ म्हणे काहीही करा, दुसरं म्हणे आधी विचारा, तिसऱ्याचं उत्तर दर आठवड्याला बदलायचं. तेव्हा आसपासच्या आठ विद्यापीठांच्या कुलगुरूंनी ठरवलं की आपण सगळे मिळून एकच नियमावली करू.

समितीचं अध्यक्षपद कोणालाच नको होतं. पहिल्या सभेत काकू म्हणाल्या, "हा असा सावळागोंधळ मला मान्य नाही." बोलल्यावर त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी चष्मा काढला, काडी स्वतःकडे वळवली आणि त्या अध्यक्ष झाल्या. बाकीच्या सात जणांना तेव्हा या खुणेचा अर्थ कळला नव्हता. पुढे चांगलाच कळला.

मंडळाची आणखी दोन तत्त्वं त्यांनी तिथे आणली. पहिलं, भांडण मीटिंगच्या आधी उरकून यायचं. सभेच्या आठवड्यात त्या एकेका कुलगुरूला फोन लावायच्या आणि सुरुवात करायच्या, "जेवलात का?" भल्याभल्या विद्वानांना या प्रश्नाचं इंग्रजीत काय उत्तर द्यावं ते सुचायचं नाही, आणि ते गडबडलेले असतानाच काकू मुद्द्यावर यायच्या. दुसरं तत्त्व, जेवण शेवटी. "आधी वाढलं की लोक जेवून घरी जातात," त्या मला म्हणाल्या. "वास येऊ द्यायचा. ताट नाही." शेजारच्या खोलीत जेवण मांडलेलं असायचं, दार किंचित उघडं ठेवलेलं असायचं, आणि विषय निकाली निघेपर्यंत कोणाला उठता यायचं नाही. मोठमोठ्या विद्यापीठांचे प्रमुख त्या दाराकडे आशाळभूतपणे बघताना मी पाहिले आहेत.

अशा रीतीने नियमावली बरीच पुढे सरकली. अडली ती एका वाक्यावर.

आमच्या विद्यापीठात नेकेसा नावाची मुलगी होती. केनियाची, लांब पल्ल्याची धावपटू, शिष्यवृत्तीवर शिकणारी. संघातली सगळ्यात वेगवान तीच. गावातल्या सँडविचच्या दुकानाने मुलींच्या संघाचा फोटो आपल्या जाहिरातीसाठी काढला तेव्हा मी योगायोगाने तिथेच रांगेत उभा होतो. सगळ्या मुली हसत भिंतीपाशी उभ्या राहिल्या. नेकेसा फोटोग्राफरच्या बाजूला, सगळ्यांची जॅकेटं हातावर घेऊन उभी होती. विद्यार्थी व्हिसावरच्या मुलांना इथे अशी कमाई करता येत नाही. अमेरिकन मुलींना जो हक्क मिळाला तो तिच्यापर्यंत पोहोचलाच नव्हता. फोटो झाल्यावर तिने एकेकीला नाव घेऊन तिचं जॅकेट परत दिलं. मला त्या दिवशी सँडविच गोड लागलं नाही.

काही दिवसांनी ती काकूंना भेटायला आली. तिच्या गावाकडच्या एका बूट बनवणाऱ्या कंपनीला तिचा फोटो हवा होता. फोटो तिकडेच काढायचा, उन्हाळ्याच्या सुट्टीत, ती घरी गेल्यावर. चालेल का, एवढंच तिला विचारायचं होतं.

काकूंनी वकिलांना विचारलं. आठ विद्यापीठांच्या वकिलांनी एक वाक्य पाठवलं: विद्यार्थी व्हिसावरच्या खेळाडूंनी कुठेही, कधीही, कोणतीही जाहिरात करू नये, केल्यास शिष्यवृत्ती बंद. हे वाक्य नियमावलीत गेलं असतं तर नेकेसाला फोटो किंवा शिक्षण यातलं एक निवडावं लागलं असतं. तिचं एक वर्ष राहिलं होतं.

"कुठेही म्हणजे? तिच्या घरी जाऊन पण आपणच बंदी घालून राहिलो का?" काकू माझ्यावरच डाफरल्या. "हे वाक्य जाणार नाही. माझ्या सहीनं तर नाहीच."

त्यांनी फोन सुरू केले. "जेवलात का?" पासून सुरुवात करून एकेकाला वळवलं. वळले नाहीत ते एकच. सगळ्यात मोठ्या विद्यापीठाचे कुलगुरू, साडेसहा फुटी गृहस्थ, तरुणपणी फुटबॉल खेळलेले. मनात मी त्यांना डोंगर म्हणायचो. त्यांच्याकडच्या एका परदेशी मुलाचा व्हिसा पूर्वी कुठल्याशा चुकीपायी रद्द झाला होता आणि त्याला शिक्षण अर्धवट टाकून परत जावं लागलं होतं. त्याला विमानतळावर सोडायला हे स्वतः गेले होते. "सरसकट बंदी असली की कोणाचंही नुकसान होत नाही," असं ते म्हणत राहिले.

काकूंनी फोन ठेवला. मला वाटलं, आता चिडतील.

"माणूस खराब नाही, बाप्पा," त्या म्हणाल्या. "भिऊन राहिला. अन् भीती काही उगीच नाही त्याची."

"मग काय करायचं, काकू? व्होट घेऊन टाकायचं?"

"व्होटनं हरलेला माणूस नंतर काही करत नाही रे. अन् करायचं तर त्यालाच आहे. सगळ्यात जास्त परदेशी पोरं त्याच्याकडे आहेत."

सभा आमच्याकडे होती. ते वाक्य चर्चेला आलं तसे डोंगर उभे राहिले आणि आपली हरकत त्यांनी नीट, सभ्य शब्दांत मांडली. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा उतरला. मी टायपिंग थांबवलं.

"तुमची हरकत खरी आहे," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "मग ते तुमच्याकडे. ज्या मुलीसाठी हा विषय निघाला ती या वेळी ट्रॅकवर असते. हे वाक्य तुम्ही स्वतः जाऊन तिला सांगा. सांगून आलात की आम्ही आहे तसं मंजूर करू. तोवर जेवण थांबेल."

डोंगरांनी कोट चढवला. रस्ता दाखवायला मला पाठवलं.

बंदिस्त ट्रॅकवर नेकेसा सराव संपवून बुटांच्या नाड्या सोडत बसली होती. डोंगर तिच्या शेजारी बाकावर बसले, तरी ते तिच्यापेक्षा फार उंच दिसत होते. त्यांनी तिला फार चांगल्या तऱ्हेने समजावलं. व्हिसा किती नाजूक गोष्ट आहे ते सांगितलं, त्या परत गेलेल्या मुलाबद्दल सांगितलं, हे सगळं तिच्याच भल्यासाठी आहे असंही सांगितलं. ती मान खाली घालून ऐकत होती.

"मी माझ्या आईच्या दारात उभी राहून फोटो काढला, तर माझा व्हिसा जाईल का, सर?" तिने विचारलं.

"मला माहीत नाही," डोंगर म्हणाले.

"मग कोणाला माहीत आहे?"

तिने हे उर्मटपणे विचारलं नव्हतं. तिला खरोखरच पत्ता हवा होता, म्हणजे ती तिथे जाऊन विचारणार होती. डोंगर तिचे आभार मानून उठले. परतीच्या वाटेवर ते इतक्या लांब टांगा टाकत चालले की पार्किंग लॉटमधून मला जवळजवळ पळावं लागलं. इमिग्रेशनच्या खिडकीवर उभा राहून तिचाच प्रश्न मीही कितीदा मनात विचारला होता.

खोलीत शिरून ते उभ्याउभ्याच म्हणाले, "आपल्याला उत्तर माहीत नव्हतं. ते शोधण्याऐवजी आपण ‘नाही’ लिहून मोकळे झालो."

त्या कलमाचा नवा मसुदा त्यांनी स्वतः लिहिला. सरसकट बंदी काढली. त्याऐवजी, असा प्रश्न घेऊन येणाऱ्या प्रत्येक परदेशी खेळाडूला विद्यापीठाने आपल्या खर्चाने इमिग्रेशनचा वकील द्यायचा. वकिलाने त्या मुलाची परिस्थिती बघायची, आणि मगच हो किंवा नाही म्हणायचं. आठही जणांनी सह्या केल्या. जेवण पार गार झालं होतं, तरी कोणी तक्रार केली नाही. तक्रार केली असती तर पुढच्या सभेचं जेवण त्याच्याकडे आलं असतं.

नेकेसाच्या बाबतीत वकिलाने सांगितलं, इथे नाही, पण तिकडे, सुट्टीत, चालेल. सप्टेंबरमध्ये ती परत आली ती जाहिरातीची घडी घेऊन. लाल मातीच्या रस्त्यावर ती उभी, पायात नवे बूट, आणि मागे दारात हात पुसत उभी असलेली तिची आई. आई जाहिरातीत कशी आली ते कंपनीलाही समजलं नसावं. काकूंनी ते चित्र ऑफिसात आपल्या पदव्यांच्या वर टांगलं. त्या सँडविचच्या दुकानात मात्र त्या कधी गेल्या नाहीत. "तिथल्या भिंतीवर ती आली की मी येईन," म्हणायच्या. "आता अर्धं झालं. उरलेलं अर्धं पुढच्या मीटिंगला."

पुढे त्या निवृत्त झाल्या आणि दूर दक्षिणेकडच्या फ्रिस्को गावात मुलीकडे राहायला गेल्या. समितीचं अध्यक्षपद जाताना त्यांनी डोंगरांकडे दिलं, इतिवृत्त माझ्याकडेच ठेवलं. फ्रिस्कोच्या मंडळातही त्यांना कमिटीवर घेतलं होतं. "इथले लोक मीटिंगमध्ये तोंडच नाही उघडत," त्यांनी फोनवर तक्रार केली. "कोणीतरी सांगितलं वाटते यांना." मी खूप हसलो. ते आमचं शेवटचं हसणं. हिवाळ्यात त्या झोपेतच गेल्या. त्यानंतर कितीतरी दिवस फोन वाजला की "जेवलास का?" ऐकू येईल असं मला वाटायचं. अजूनही वाटतं. मला त्यांची फार आठवण येते, आणि हे सांगताना मला लाज वाटत नाही.

या वसंतात समितीची सभा भरली. आठांपैकी एका विद्यापीठाचे कुलगुरू नवे होते. हुशार, घाईतले. ते म्हणाले, वकिलाचं ते कलम फार किचकट आहे, प्रत्येक मुलामागे वेळ जातो, त्यापेक्षा एका ओळीची सरसकट बंदी बरी. बाराचे साडेबारा झाले होते आणि दार किंचित उघडं होतं. दोनतीन माना हलल्या. डोंगरांनी टेबलाभोवती सगळ्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "कोणाची हरकत?"

कोणीच बोललं नाही. बोललं की काय होतं हे आता आठही विद्यापीठांना ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. माझं ग्रीन कार्ड अजून रांगेतच आहे, आणि इतिवृत्त लिहिणाऱ्याने सभेत बोलायचं नसतं.

"माझी आहे," मी म्हणालो.

सगळे वळून माझ्याकडे बघू लागले. डोंगरांनी सावकाश आपला चष्मा काढला. तो त्यांच्या हातात फारच लहान दिसत होता. त्याची एक काडी त्यांनी माझ्याकडे रोखली. त्यांचे डोळे भरून आले होते.

"मग ते तुमच्याकडे," ते म्हणाले.

मी लॅपटॉप मिटला आणि उभा राहिलो. जेवणाचा वास खोलीभर पसरला होता, पण कोणी उठलं नाही. मी नेकेसाच्या हातावरच्या त्या जॅकेटांपासून सांगायला सुरुवात केली.