एका नावावर दोघे

गोविंदाला भरल्या ताटावरून उठवलं ते खानावळवाल्या बाईंनी नव्हे, मी. उमरेडहून नागपुरात शिकायला आलेल्यांनी आणि गावात मागं राहिलेल्यांनीही हे वाचावं म्हणून लिहितो आहे.

आम्ही दोघंही विणकरांची मुलं. नागपूरला जाणारी छोटी रेल्वेगाडी सुटताना गोविंदाचे वडील खिडकीशी येऊन मला म्हणाले, "नारायणा, याले सांभाळजो गा. लय भोळा हाय."

कॉलेजजवळची भाडी ऐकूनच आम्ही मागं फिरलो आणि शहराच्या टोकाला, जरीपटका वस्तीत खोली घेतली. रोजचं जाणं-येणं पायी. घरी कढीपत्ता शेजारच्या अंगणातून तोडून आणायचो. इथं घरमालक अंघोळीच्या बादल्याही मोजायचा. फी आणि भाडं गेल्यावर दोघांच्या जेवणाला पैसे पुरेनात. मग खानावळीत एकच नाव घातलं, माझं. सकाळी मी जेवायचो, संध्याकाळी गोविंदा. सकाळी मालक वाढायचे, संध्याकाळी त्यांच्या बाई, म्हणून निभत होतं.

एकदा प्रॅक्टिकल लांबलं आणि माझी पाळी हुकली. संध्याकाळी भूक आवरेना. तसाच गेलो. दारातच बाईंनी नाव विचारलं आणि मी खरं सांगून बसलो.

"नारायण तं आत जेवून राहिला. मंग तू कोन?"

पंगतीतून कुणीतरी ओरडलं, "घ्या बाई, आज दोन नारायण! दुप्पट पुण्य!"

बाई हसल्या नाहीत. लबाडी सापडली की नाव कापलं जाई आणि भरलेले पैसे बुडत. ते बुडाले तर मला गावी परतावं लागलं असतं.

"मीच नारायण," मी म्हणालो. "मालकांले विचारा. हा कोन, मले नाही माहीत."

गोविंदानं माझ्याकडे पाहिलं. हातातला घास खाली ठेवून तो उठला. हात धुऊन होईपर्यंत बाई त्याला बोलत होत्या. मग मी त्याच पाटावर बसलो आणि जेवलो.

खोलीवर परतलो तर त्याची वळकटी नव्हती. तो गावी जाऊन मागावर बसला. मी शिकलो, प्राध्यापक झालो, नागपुरात घर बांधलं. उमरेडला गेलो की त्याच्या मागाचा आवाज टाळायला मागच्या वाटेनं आईकडे जायचो. घर म्हटलं की मला अजून बांधलेलं घर आठवत नाही. ती गल्ली आठवते, जिच्यातून मी जाऊ शकत नव्हतो.

यंदा कॉलेज उघडलं तेव्हा आवारात गोविंदा दिसला. केस पिकलेले, सोबत प्रवेशासाठी आलेली मुलगी. मी थबकलो.

"काहून गा," तो म्हणाला, "आजही ओळख नाही वाटते?"

"बाबा, हे कोण?" मुलीनं विचारलं.

त्यानं हनुवटीनं माझ्याकडे खूण केली. सांगायचं त्यानं माझ्यावर सोडलं होतं.

"पोरी, मी नारायण. तुह्या बापाचा दोस्त होतो. चार लोकांत म्हटलं, याले मी ओळखत नाही. त्याचं शिक्षण माह्यापायी सुटलं." मग मी त्याच्याकडे वळलो. "गोविंदा, मी भ्यालो होतो. पण ते कारण पुरत नाही. माहं चुकलं. मले माफ कर."