मोहाच्या तेलावरची मोटार

माझी नात मैत्रिणींबरोबर आलापल्लीच्या जंगलात निघाली आहे. "आजी, तू गेली होतीस ना? लिही की ब्लॉगवर," म्हणाली. लिहिते. पण धुकं, पाखरं आणि मनःशांती हवी असेल तर दुसरा ब्लॉग बघा, ढिगानं आहेत. मला आठवते ती धूळ, एक मोटार आणि माझे मामा.

छप्पन-सत्तावन्न साल असेल. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत. मी नागपूरला कॉलेजात होते, एकोणीस वर्षांची आणि सगळ्या जगापेक्षा शहाणी. नाताळच्या सुट्टीत चांद्याला मामांकडे आले तर अंगणात त्यांची जुनी मोटार बॉनेट उघडून उभी. पेट्रोलचं इंजिन कार्बोरेटरसकट गोठ्यात पडलेलं, आणि त्याच्या जागी भंगारातून आणलेलं डिझेलचं इंजिन मामांनी स्वतः कापून, ठोकून बसवलेलं.

"कार्बोरेटर म्हणजे भिकारी, कुसुम," मामा म्हणाले. "हवा ओढन तेवढंच पेट्रोल भेटते त्याले. इथी पंप हाये. तेल दाबून पिचकारी मारते सिलिंडरात. आता हिले काई बी पाजा."

मी तोंडावर पदर धरून हसले. मामी हसल्या नाहीत. मामांनी वखारीतली नोकरी सोडली होती ती या मोटारीच्या भरवशावर. चांदा ते आलापल्ली प्रवासी गाडी चालवायचा परवाना हवा होता, आणि परवाना देणारे साहेब आलापल्लीच्या डाकबंगल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला गाडी तपासणार होते. त्याच दुपारी त्यांचा मुक्काम हलणार होता.

आम्ही आदल्या दिवशी पहाटे जटपुरा दरवाज्यातून निघालो. मोटारीचा आवाज असा की बोलायचं तर ओरडावं लागे, आणि मामा तर सारखेच बोलत होते. मूल गावात चहा आणि भजी घेतली. चहा गुळाचा, भजी कालची. पुढे वैनगंगा. आता तुम्ही पुलावरून गाणी ऐकत जाल, तेव्हा पात्रातल्या वाळूवर बांबूचे तट्टे अंथरलेले असत आणि त्यावरून जीव मुठीत धरून जायचं. दोनदा चाकं रुतली. दोनदा मी उतरून ढकललं, नव्या साडीत. मामा आत बसून म्हणाले, "पाह्य, ताकद केवढी हाये!"

गडचिरोली म्हणजे तेव्हा कचेरी, चार दुकानं आणि चिंचेची झाडं. डिझेल तिथे मिळेल असं मामांनी छातीठोकपणे सांगितलं होतं. ते अर्थातच मिळालं नाही. चामोर्शीच्या पुढे, दुपार कलताना, एका जंगलगावाच्या वेशीवर टाकी तळाला गेली.

गावातल्या लच्चीबाईंकडे मोहाच्या बियांचं तेल होतं, तिकडे त्याला टोळीचं तेल म्हणतात, घरीच घाण्यात काढलेलं. मामांचे डोळे चमकले. उन्हात तापलेलं ते पिवळं तेल त्यांनी फडक्यातून गाळून टाकीत ओतलं आणि हँडल मारलं. मोटार चक्क सुरू झाली! मागून धूर निघाला तो वडे तळल्यासारखा. अख्खं गाव मागे धावलं. मामांनी गावाला तीन चकरा मारल्या, लग्नातल्या नवरदेवासारखे. आलापल्ली पंधराएक मैल उरली होती, पण मोटारीचा एकच दिवा लागत होता, म्हणून मुक्काम तिथेच ठरला.

संध्याकाळी लच्चीबाईंनी मला भात आणि अंबाडीची भाजी वाढली. ही भाजी खाच, तिच्यासाठी एवढं लांब जायला हरकत नाही. वाढता वाढता त्या म्हणाल्या, "बाई, तुह्या मामाले सांगजो. हे टोळीचं तेल थंडीनं गोठते. आमी चुलीपाशी ठेवतो. त्या गाडीतलं काढून घ्या म्हणा."

मी मान डोलावली. मनात म्हटलं, हिला इंजिनातलं काय कळतं? मामा बाहेर गावकऱ्यांना पंप समजावून सांगत होते. ते ऐकून माझं डोकं उठलं होतं. मी सांगितलं नाही. झोपले.

सकाळी गवतावर दव गोठलं होतं. मामा हँडल मारून घामाघूम झाले. शेवटी त्यांनी पंपाकडे जाणारी नळी सोडली, तर आतून पांढरं तूप निघालं. ते हातात धरून बसले. लच्चीबाई टोपलीभर निखारे घेऊन आल्या आणि टाकीखाली पसरू लागल्या. मामा पाणी आणायला गेले तेव्हा त्यांनी हळूच मला विचारलं, "मामाले सांगतलं होतं ना?"

"हो," मी म्हटलं.

"मंग काऊन नाई आयकलं?"

"ते कोणाचं ऐकतात!"

बारा वाजता मोटार सुरू झाली. आलापल्लीला पोचलो तेव्हा डाकबंगल्याचा चौकीदार अंगण झाडत होता. "सायेब गेले. दहा वाजेपावतर वाट पाह्यली," तो म्हणाला. मामांनी मोटार बंद केली आणि बराच वेळ उतरलेच नाहीत.

परवाना दुसऱ्याला मिळाला. महिनाभरात डिझेलचं इंजिन पुन्हा भंगारात गेलं आणि मामा पुन्हा वखारीत. त्यानंतर कुठल्याही लग्नाकार्यात ही गोष्ट निघाली की मी धुराचा वास, तीन चकरा, सगळं नक्कल करून सांगायची. लोक पोट धरून हसत. मामाही हसत आणि दर वेळी शेवटी तेच म्हणत, "चूक माहीच. लच्चीबाईले एक डाव इचारलं असतं तर तिनं सांगतलं असतं."

नात विचारते, बरोबर काय न्यावं. गरम कपडे न्या, तिथली थंडी फसवी आहे. आणि तिथलं कुणी काही सांगितलं तर ते ज्याच्यासाठी आहे त्याच्यापर्यंत त्याच संध्याकाळी पोचवा. मामा जाऊन तीस वर्षं झाली. लच्चीबाईंनी सांगितलं होतं, हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे.