वर बघण्याची नोकरी

माझा थोरला भाऊ छापील काही वाचत नाही, औषधाच्या बाटलीवरची सूचनासुद्धा नाही. त्या भरवशावर मी हे लिहितोय. लिहितोय वहिनीबद्दल, पण यातली एक गोष्ट दादाला कळली तर तो पुन्हा कामावर चढायचा नाही.

आम्हा तिघांचं काम एकाच गाडीवर. रस्त्याकडेच्या झाडांच्या फांद्या विजेच्या तारांना लागायच्या आधी तोडायच्या. गाडीवर एक लांब लोखंडी हात असतो आणि त्याच्या टोकाला माणूस उभा राहील एवढी टोपली. तिला आम्ही पाळणा म्हणतो. दादा पाळण्यात उभा राहून करवत चालवतो. मी गाडी चालवतो. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, माझ्यापाठी तारा लागल्यात. मला त्या जमिनीवरूनही बघवत नाहीत, म्हणून माझ्या हाती स्टिअरिंग दिलं. आणि वहिनी वर बघते.

हो, तेवढंच. तिची नोकरीच ती. खाली उभं राहून वरचा माणूस आणि तार यांच्यामधलं अंतर बघायचं, ते कमी व्हायला लागलं की हात वर करायचा. करवतीच्या आवाजापायी दादाच्या कानांवर जाड झाकणं असतात, त्याला हाक ऐकू जात नाही. म्हणून तो अधूनमधून खाली बघतो. वहिनीचा हात वर असेल तर थांबायचं, आणि वहिनी बघतच नसेल तरीही थांबायचं.

या कामात दुसरं कुठलंही काम मिसळायचं नाही, असा नियम आहे. पडलेली फांदी उचलायची नाही, दोर धरायचा नाही, कोणी पत्ता विचारला तर सांगायचा नाही. तिच्याआधी जो माणूस होता तो बिचारा कष्टाळू. रिकामं उभं राहायची त्याला लाज वाटायची, मधूनच फांद्या ओढायला धावायचा. एकदा तो असा वाकलेला असताना पाळणा तारेच्या फारच जवळ गेला. कुणाला काही झालं नाही, पण फोरमनने त्याला हलवलं आणि दादाला विचारलं, "तुझ्या घरात आहे का रे कोणी, काही न करता उभं राहील असं?"

दादा म्हणाला, "तसं कोणी नाही. पण माझ्यावर नजर ठेवायची सवय आहे एकीला."

आमच्या आईला हे अजिबात पटलं नव्हतं. "उभं राहायचा पगार! आमच्या वेळी नव्हत्या बाई असल्या नोकऱ्या," असं ती शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची. मग एकदा ती आमचा डबा घेऊन कामावर आली. दादा वर होता. तिने वर पाहिलं, तोंडावर पदर घेतला आणि डबा ठेवून निघून गेली. त्या संध्याकाळी ती वहिनीच्या मानेला तेल लावत बसली होती.

डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवणं म्हणतात, ते मी वहिनीत पाहिलं. इतकं की तिला आता दुसरं काही जमत नाही. रस्त्याने चालताना तिला ठेचा लागतात, कारण खाली बघेल कोण? तुमच्याशी बोलताना ती तुमच्या डोक्यावरून बघते, त्यामुळे नवीन माणसाला ती शिष्ट वाटते. आणि रोज सकाळी गाडी सुरू करायच्या आधी खिडकीशी येऊन माझी उजळणी घ्यायची.

"भाऊजी, गाडीत वीज उतरली तर?"

"बसून राहायचं."

"गाडीने पेट घेतला तर?"

"दोन्ही पाय जोडून लांब उडी. हात गाडीला आणि पाय जमिनीला, असं एकाच वेळी कधी नाही. मग पाय न उचलता सरकत सरकत दूर जायचं."

"आणि तार मेलेली दिसली तर?"

"दिसली तरी जिवंतच समजायची. वहिनी, मला हे झोपेतसुद्धा येतं."

"झोपेत नको, जागेपणी येऊ द्या."

मी हसायचो. आपल्याला काय, आपण तर गाडीच्या आत.

तो दवाखान्यासमोरचा रस्ता होता. दवाखान्यामुळे लाईन बंद करता येत नव्हती, म्हणून अंतर राखून काम चाललं होतं. दादाने एक जाड फांदी दोर बांधून कापायला घेतली. वरून धडधाकट दिसणारी ती फांदी आतून पोकळ निघाली. दोराच्या गाठीपाशीच ती मोडली, पडता पडता फिरली, आणि तिचं एक टोक तारेवर, दुसरं पाळण्याखालच्या लोखंडी हातावर येऊन अडकलं.

आवाज झाला तो कानाने ऐकल्यासारखा वाटलाच नाही, छातीतच झाला. समोरच्या काचेवर निळा उजेड पडला. मागच्या चाकातून धूर यायला लागला आणि रबर जळल्याचा वास आत आला. माझी बोबडी वळली. मी दोन्ही हात मांडीत धरून बसलो. माझ्या खाली, माझ्या सीटखाली, अख्ख्या गाडीत वीज उतरली होती.

आणि मग एकदम सगळं थांबलं. तारेची गुणगुण बंद. समोरच्या औषधाच्या दुकानातला दिवा गेला. पलीकडून फोरमन ओरडला, "गेली! लाईन गेली!"

माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली. दादा वर आहे, आणि पाळणा खाली घ्यायचा दांडा गाडीच्या मागच्या बाजूला आहे. उतरायचं, दांडा ओढायचा, दादाला खाली आणायचं. मी दार उघडलं. एक हात दाराला, एक पाय बाहेर.

"पाय आत! आत घे पाय, मेल्या!"

लग्न होऊन आली तेव्हापासून वहिनीने मला 'अहो भाऊजी' सोडून हाक मारलेली नाही. त्या 'मेल्या'नेच मी इतका दचकलो की पाय आपोआप आत आला. आणि तेवढ्यात लाईन परत आली. तिला तशी सोयच असते, बंद पडली की जरा वेळाने आपली आपण पुन्हा चालू होऊन बघते. मला हे माहीत होतं. पुन्हा तोच आवाज, तोच निळा उजेड. दाराखालची माती तडतडली आणि तिथलं गवत काळं पडलं. माझा पाय तिथेच पडणार होता.

त्यानंतर वहिनी लांब तशीच उभी राहिली, माझ्याकडे तोंड करून, हात वर करून. दादाकडे तिची पाठ होती. मला दादा दिसत नव्हता, गाडीचं छत आड येत होतं. मी तिच्या तोंडाकडे बघून अंदाज घ्यायला लागलो आणि मला काहीच कळेना. जी बाई जेवतानाही वर बघते ती एकदाही वर बघत नव्हती. मी ओरडलो, "वहिनी, दादा कसाय?" ती हात वर धरून माझ्याकडेच बघत राहिली. चाकाचा धूर वाढत होता. उडी मारायची वेळ आली तर पाय जुळतील का, याची धास्ती होती. पण खरी भीती ती नव्हती. मला वाटलं, वर बघण्यासारखं काही उरलंच नाही म्हणून ती बघत नाही.

शेवटी उपकेंद्रातून लाईन बंद झाली. लाईनमनने येऊन तार तपासली, जमिनीला जोडली आणि मगच आम्हाला हलू दिलं. दादा खाली आला. त्याला ओरखडासुद्धा नव्हता. मी त्याच्या गळ्यात पडून लहान पोरासारखा रडलो. गाडीची दोन चाकं मात्र गेली.

संध्याकाळी दादा आईला रंगवून सांगत होता. "लाईन गेलेली, फांदी अशी समोर आडवी. म्हटलं, हाताने ढकलून देतो. हात पुढे केला आणि सवयीने खाली बघितलं, तर ही पाठ करून उभी! ती बघत नसेल तर हात चालवायचा नाही, हा हिचाच नियम. घेतला हात मागे. आणि खरं सांगू आई, माझी भीतीच गेली. मला काही होणार असतं तर ही पाठ फिरवते होय? पाळण्यातच बसलो निवांत."

आई हसली. मीही हसलो. वहिनी स्वयंपाकघरात होती. मी कप ठेवायला आत गेलो तर नळ नुसताच वाहत होता आणि ती ओट्याला धरून उभी होती.

"भाऊजी," ती हळू आवाजात म्हणाली, "ह्यांनी हात पुढे केला, तो मी बघितला होता."

मला कळलं नाही. "मग पाठ का फिरवलीत?"

"तेवढ्यात तुमचं दार उघडलं. ह्यांना हाक ऐकू जाणार नव्हती, तुम्हाला जाणार होती. हे खाली बघेपर्यंत मी थांबले असते तर तुम्ही गेला असतात." तिने नळ बंद केला. "मी ह्यांना सोडून दिलं होतं. ते गेले, असंच मी धरून चालले होते. नंतर वर बघायचा धीरच झाला नाही मला."

बाहेर दादा तीच गोष्ट आईला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागला होता.

"ह्यांना सांगू नका," वहिनी म्हणाली. "परवा परत चढायचंय त्यांना."

दादा चढला. त्यानंतर रोज चढतो. वहिनी सकाळी खिडकीशी येते, उजळणी घेते, आणि मी न हसता उत्तरं देतो. मग ती तिच्या जागी जाऊन वर बघत उभी राहते. दादा पाळण्यातून वाकून तिच्याकडे बघतो आणि खुशाल हसतो. तिचा हात वर होतो, तेव्हा तो किती थरथरतो हे त्याला एवढ्या उंचावरून दिसत नाही. मला दिसतं.