परातीची चुकलेली सम

उद्घाटनाच्या दिवशी मी सारखा संग्रहालयाच्या दारापर्यंत जाऊन येत होतो. नव्वदच्या दशकात ठाण्यात आमच्या तालवाद्यांच्या गटावर प्रदर्शन भरलं होतं. लोखंडी पाइप, डांबराचं पिंप, वर्तकनगरच्या आमच्या घरातली परात, सगळं मांडलेलं. शेजारच्या पाटीवर छापलं होतं, की रचनेच्या मध्यावर सगळी वाद्यं एकदम थांबवण्याची धाडसी कल्पना माझी. पाटी मी आदल्या दिवशीच पाहिली होती. ती बदला, असं कुणाला म्हणालो नव्हतो. आणि आता आमचा जुना पिंपवाला मित्र खाडीकाठच्या कोळीवाड्यातून यायचा होता.

खरं वेगळंच होतं. प्रदर्शनाच्या दहाएक वर्षं आधी डोंबिवलीच्या कार्यक्रमात परात वाजवताना माझी सम चुकली. बाकीचेही माझ्यामागे भरकटले. मित्रानं दोन्ही हात वर केले, तसे सगळे थबकले. सभागृह चिडीचूप. मग त्यानं पिंपावर एक ठोका दिला आणि आम्हाला समेवर आणलं. टाळ्या थांबेनात. नंतर एका वार्ताहराला मी म्हणालो, "शांतताही वाजवता येते, हे मला दाखवायचं होतं."

मित्र शेजारीच घाम पुसत होता. "भारीच रे," एवढंच बोलला. तो विराम रचनेत कायमचा बसला. मित्र वर्षभरात गट सोडून गेला.

तो बायकोला घेऊन आला. तिनं पाटी मोठ्यानं वाचली. "हे तर तुमी केलेलं ना?"

"हळू गं," माझ्याकडे बघत मित्र म्हणाला. "भावजींना अजून वाजवायचंय."

उद्घाटनाला जुन्या गटानं तीच रचना वाजवायची होती, म्हणून तेवढ्यापुरती वाद्यं मांडणीतून बाहेर काढली; मित्र पुन्हा पिंपावर बसला. विरामाची जागा आली, सवयीनं बाकी सगळे थांबले. मित्रानं हात वर केलेच नाहीत. माझ्याकडे बघत एकटाच वाजवत राहिला. कुठून उचलायचं मला कळेना. परात धरून नुसता बसलो. शेवटी त्यानंच मानेनं सम दाखवली.

प्रदर्शन मांडणारी मुलगी धावत आली. "सर, हा बदलही तुमचाच?"

"नाही. मी तेव्हाही चुकलो होतो, आत्ताही चुकलो. दोन्ही वेळा सांभाळलं यानं."

"किती नम्र आहात, सर!"

मित्राची बायको फसकन हसली. मित्र म्हणाला, "बघ, आता खरं बोललास तर कुनी ऐकंना."

प्रदर्शन उठेपर्यंत पाटी तीच होती. मी रोज जाऊन बघत असे.